जपून ठेवलेला रोल

पावाच्या पिशवीला चिकटपट्टी लावायची, अंगठ्याने घासून बसवायची आणि मग खसकन ओढून काढायची. भर दुकानात उभं राहून असलं काही करणं शहाण्या मुलीला शोभणारं नव्हतं. पण ती तेच करत होती, आणि अगदी मन लावून करत होती.

"ताई, पाव खातात," गल्ल्यावरून दुकानदार म्हणाला. "सोलत नाहीत."

"घेणारच आहे मी तो," ती मान वर न करता म्हणाली. चिकटपट्टी तिने उजेडाकडे धरली. स्वच्छ होती. मग पिशवी फिरवून ती मागच्या बाजूच्या लाल अक्षरांवर नवी पट्टी बसवू लागली.

"नाही निघणार," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. साधारण तिच्याच वयाचा एक जण उभा होता. एका हातात बिस्किटांचा पुडा आणि उजव्या डोळ्याला, घड्याळ दुरुस्त करणारे लावतात तसलं छोटं भिंग. डावा डोळा मिटलेला. हा आपल्याला डोळा मारतोय की काय, असंच तिला क्षणभर वाटलं.

"काय नाही निघणार?"

"रंग. ती पिशवी आमच्या छापखान्यातली आहे." आवाजात अभिमान नुसता मावत नव्हता.

'नाही निघणार' म्हणणारे तिने पुष्कळ पाहिले होते. तिने नखाने लाल अक्षराचा कोपरा हलकेच खरवडला, त्यावर पट्टी दाबली आणि ओढली. पट्टीवर चांगला नखाएवढा लाल डाग उतरला. तिने ती पट्टी त्याच्या भिंगासमोर धरली.

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग काढून खिशात टाकलं.

"ही… सोमवारची असेल बहुतेक."

"सोमवारी काय असतं?"

"सोमवारी आत्या सुट्टीवर असते."

तिला हसू फुटलं. तोही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन.

"तुम्ही दोघं सरकारी माणसं आहात का?" दुकानदाराने घाबरत विचारलं.

"नाही!" दोघं एकदम म्हणाली.

"मग आपापला माल घ्या आणि काय ते बाहेर जाऊन खेळा बघू."

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. दोघांनाही छत्री नव्हती, त्यामुळे दुकानाच्या छपराखाली उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निदान दोघांनी तसं ठरवलं. खरं तर त्या भुरभुरीतून एखादं मूलसुद्धा न भिजता घरी गेलं असतं.

"तुम्ही पिशव्यांना छळता, ते छंद म्हणून की पोटासाठी?" त्याने विचारलं.

"पोटासाठी. मी शाई करते. म्हणजे शाईत रंगाला धरून ठेवणारं जे असतं ना, ते."

"पॉलिमर."

"हो." ती जरा चकितच झाली. एरवी हा शब्द काढला की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा. "लांबच लांब साखळ्या असतात त्यांच्या. शाई वाळली की त्या एकमेकींत गुंततात आणि रंगाला पिशवीवर धरून ठेवतात. तुमच्या शाईत त्या उग्र वासाच्या द्रावणात विरघळवलेल्या असतात. मला त्या पाण्यात हव्या आहेत. वास नको, डोकेदुखी नको."

"पाण्याची शाई? प्लास्टिकवर?" त्याने भुवया उंचावल्या. "प्लास्टिकवर पाणी ठरतं तरी का?"

"म्हणून तर अजून लग्नाचा विचार करायला वेळ झाला नाही मला," ती बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. हे मध्येच कुठून आलं, ते तिचं तिलाच कळेना.

तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "मग एकदा आमचं मशीन बघायला या. म्हणजे… तुमचा वेळ वाचेल."

मशीन बघायला ती दोन दिवसही न थांबता गेली.

छापखाना एका अरुंद गल्लीच्या टोकाला होता. वर पत्रा, आत खोलीभर लांबीचं मशीन. एका टोकाला प्लास्टिकच्या फिल्मचा गुंडाळा चढवायचा आणि ती फिल्म रुळांमधून फिरत, एकेक रंग अंगावर घेत दुसऱ्या टोकाला नव्या गुंडाळ्यात जमा व्हायची. इथे त्या गुंडाळ्याला सगळे 'रोल' म्हणत. दारातून आत पाऊल टाकताच तिचे डोळे चुरचुरले. मशीनवरच्या बायकांनी नाकाला फडकी बांधली होती. तिला तिची पहिली नोकरी आठवली. तो गोंदाचा कारखाना होता. रोज संध्याकाळी ती डोकं धरून घरी यायची, आणि धाकटा भाऊ तिला चिडवायला 'डिंकी' म्हणायचा. ती नोकरी सुटली, नाव मात्र घरात कायमचं चिकटलं.

काचेच्या खोलीतून एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई बाहेर आली. हीच आत्या. छापखाना तिचा, आवाज तिचा आणि भाचाही जवळजवळ तिचाच.

"वास येतो का गं तुला इथला?" आत्याने पहिलाच प्रश्न टाकला.

"येतो ना. चांगलाच येतो."

"मला नाही येत. इतकी वर्षं यात बसले की नाकाने राजीनामा दिलाय. परवा घरी दूध करपलं, तर शेजारीण सांगत आली." आत्या हसली. मग चष्मा पुसत, जरा हळू आवाजात म्हणाली, "फुलांचाही येत नाही आता."

शाई चालावी असं तिला आधीही वाटत होतंच. आता ती चाललीच पाहिजे असं वाटायला लागलं.

"घे तुला हवं तेवढं मशीन," आत्या म्हणाली. "फक्त माझ्या रोजच्या कामात मध्ये येऊ नको. बाळ्या, दाखव हिला सगळं."

बाळ्या म्हणजे तो. छपाईचं रीतसर शिक्षण घेतलेला, परदेशातल्या मोठ्या छापखान्याचं बोलावणं 'बघू' म्हणून टाळलेला, आणि या पत्र्याखाली आत्याचा बाळ्या होऊन राहिलेला. नाव ऐकताच तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमचंही घरचं नाव असेलच की काहीतरी."

"मुळीच नाही," ती म्हणाली. नेमका तेव्हाच तिच्या आईचा फोन आला आणि फोनमधून खणखणीत आवाज घुमला, "डिंकी, जेवायला येणार आहेस की नाही?"

त्यानंतर दर शनिवारी दुपारी ती छोट्या डब्यातून शाई घेऊन यायला लागली. पहिल्या शाईला इतका फेस आला की तो म्हणाला, "छपाई राहू दे, दाढी तरी होईल." दुसरी वाळेचना, मशीनच्या रुळांवर लेप देऊन बसली. तिसरी पिशवीवर बसली, पण बोट लावलं की हातात यायची. प्रत्येक वेळी ती नाक फुगवून परत जायची आणि पुढच्या शनिवारी नवा डबा घेऊन हजर व्हायची. तोही आदल्या संध्याकाळी मशीन घासूनपुसून तयार ठेवायचा. हे आत्याने कधी सांगितलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही.

"तुमच्या छापखान्यात तुमचं असं काही नाहीच मुळी," एकदा ती त्याला चिडवत म्हणाली. "पिशवी पॉलिमर. ती छापायची प्लेट पॉलिमर, उजेड दाखवला की घट्ट होते ती. शाई पॉलिमर. सगळं आमचं."

"मग माझं काय?"

"तुम्ही मध्येमध्ये बोलता."

"बोलणारा तरी माझा ना?"

"तेही नाही. नखं, केस, कातडी… सगळी पॉलिमरच."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे मीही तुमच्याकडचाच," तो म्हणाला आणि झटकन मशीनकडे वळला. ती मात्र डब्यातली शाई उगाचच ढवळत राहिली.

एकदा भिंगातून एकच ठिपका बघायला दोघं एकाच वेळी वाकली आणि कपाळावर कपाळ आपटलं. "लागलं?" "नाही. तुम्हाला?" "नाही…" दोघांनाही लागलं होतं, पण दोघांपैकी एकानेही डोकं मागे घ्यायची घाई केली नाही. काचेच्या खोलीत आत्या मोठ्याने खोकली, तेव्हा कुठे ठिपक्याकडे लक्ष गेलं.

ती त्याच्या प्रेमात पडली होती. हे तिला कळायला वेळ लागला, कारण शनिवारची वाट आपण शाईसाठी बघतो अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. पण एका शनिवारी शाई तयार नव्हती, तरी ती गेली. आणि तिच्या हातात डबा नाही हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्या दिवशी तिला कळून चुकलं.

असे बरेच महिने गेले, आणि मग एके दिवशी शाई धरली. छापखान्यात रोज वापरायच्या साध्या फिल्मवर तिने पट्टी लावली, ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली. रंगाचा कण हलला नाही. आत्याने सगळ्यांना चहा पाजला.

ती नोकरी करायची त्या शाईच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी मात्र लगेच आनंद दाखवला नाही. सर सज्जन होते, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधायचे, आणि कोणत्याही गोष्टीवर 'का?' विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. "डबाभर शाई चालली म्हणजे शाई चालली असं नाही," ते म्हणाले. "कारखान्याच्या टाकीत मोठ्या प्रमाणावर बनव. मशीनवर पूर्ण रोल छापून दाखव. वरच्यांचा धीर सुटत चाललाय, पोरी. एकच संधी मिळेल. नाही जमलं तर हे काम बंद, आणि तुझी बदली भिंतीच्या रंगांच्या कारखान्यात."

तो कारखाना होता एका रात्रीच्या प्रवासावर. तिथून शनिवारी दुपारी कुठेच जाता आलं नसतं.

चाचणीच्या दिवशी ती छापखान्यात पोचली तेव्हा तो कोठारातून एक रोल ढकलत आणत होता. जाड कागदाचे थरावर थर, वर दोरी. त्याने तो इतक्या हलक्या हाताने सोडवला की मशीनवरच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

"बघा," तो म्हणाला. "काचेसारखी फिल्म आहे की नाही? आलेल्या मालातली सगळ्यात चांगली. कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही मी. तुमच्या मोठ्या दिवसासाठी राखून ठेवली होती."

खरंच फिल्म देखणी होती. तिने सवयीने खिशातून चाचणीचं पेन काढलं. या पेनाने फिल्मवर रेघ मारायची. रेघ सपाट राहिली तर फिल्म शाईला धरणार. थेंबाथेंबांत तुटली तर नाही धरणार.

"याला कशाला पेन?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "ठेवा की माझ्यावर विश्वास."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, बाह्या वर सारलेल्या, कपाळावर शाईचा निळा डाग. पाववाल्यावर विश्वास नाही, बिस्किटवाल्यावर नाही, स्वतःच्या शाईवरही नाही, अशी ती मुलगी. पण तिने पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात टाकलं.

मशीन सुरू झालं. पिवळा, लाल, निळा… पिशवीवर सूर्यफुलं उमलत गेली. रंग असे खुलले होते की आत्याही काचेच्या खोलीतून बाहेर येऊन उभी राहिली. मशीन थांबलं. तिने पट्टी बसवली, अंगठ्याने घासली, ओढली.

अख्खं सूर्यफूल पट्टीवर आलं.

तिने दुसऱ्या जागी लावली. दुसरं फूल आलं. तिसऱ्या जागी तर नख लावायचीही गरज पडली नाही, रंग पापुद्र्यासारखा सुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मोठ्या टाकीत बिघडली," ती म्हणाली. "डबाभर करताना जमतं, टाकीभर केलं की साखळ्या नीट जुळत नाहीत. माझंच चुकलं."

"अगं, पण—" आत्या काही बोलणार होती.

"सरांना फोन करते," असं म्हणून ती बाहेर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत तिने रडू आवरून धरलं. त्यापुढे नाही जमलं. शाई गेली याचं दुःख होतंच. पण शनिवार गेले याचं दुःख जास्त होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत तिच्या काचेच्या बाटल्या धुऊन पुसून ठेवत होती. दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून तिने पाहिलं, तर तोच. पाहुण्यांना देतात तो बिल्ला शर्टाला उलटा अडकवलेला, केस विस्कटलेले, हातात दोन पिशव्या.

"तुमची शाई चांगली आहे," तो म्हणाला.

"समजूत घालायला आला असाल तर—"

"पट्टी लावा." त्याने एक पिशवी पुढे केली. "तुमचीच शाई आहे. टाकीतलीच, कालची उरलेली. आज सकाळी रोजच्या फिल्मवर छापली."

तिने पट्टी लावली. ओढली. स्वच्छ! पुन्हा ओढली. स्वच्छच. तिच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ डोकं चालायला लागलं.

"म्हणजे शाई नाही… फिल्म?"

त्याने मान हलवली. "तो रोल जुना होता."

आता हे समजायला शास्त्रज्ञ असायची गरज नाही. प्लास्टिकची फिल्म तयार होते तेव्हा तिच्यावरून विजेच्या ठिणग्या फिरवतात. त्यामुळे तिला शाई धरायची ताकद येते. पण ती ताकद कायम टिकत नाही. नवी फिल्म शाईला जवळ घेते. महिने गेले की हळूहळू हात आखडता घेते. दिसायला मात्र तशीच काचेसारखी. छपाई शिकणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात.

"किती जुना?" तिने विचारलं.

तो बिल्ल्याशी चाळा करत राहिला.

"किती जुना?"

"आपण दुकानात भेटलो ना… त्याच आठवड्यात आला होता. इतका छान होता की म्हटलं, हा त्यांच्या शाईसाठी. मग ठेवला. कागदात गुंडाळून, कोरड्या जागी, नीट जपून…" त्याचा आवाज खाली गेला. "जपला म्हणून तर वाया गेला."

"वेडा आहेस का तू!" ती ओरडली. 'तुम्ही' कधी सुटलं ते तिला कळलंही नाही. "छपाई शिकलास ना? माझी शाई मारत होतास तू! काल रात्रभर मी मलाच दोष देत होते!"

"हो."

"आणि हे सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं!"

"हो. म्हणून तर आलो." तो खालमानेने म्हणाला. "आता छपाईवाले सगळे हसतील मला. हसू देत. पण तुमची शाई चांगली आहे."

तिचा राग आला तसाच उतरला. इतक्या महिन्यांपूर्वी, ओळखही धड नसताना, या माणसाने तिच्यासाठी सगळ्यात चांगलं काय ते बाजूला काढून ठेवलं होतं. तिला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले.

"चला सरांकडे," ती म्हणाली. "चूक एकट्या तुमची नाही. पेन माझ्या खिशात होतं."

सरांनी दोन्ही पिशव्यांना स्वतः पट्टी लावून पाहिली. मग खुर्चीत मागे टेकले.

"फिल्म जुनी. बरं. ती तुम्ही तपासली नाही. का?"

"मला वाटलं… चांगली आहे," तो म्हणाला.

"का वाटलं?"

"जपून ठेवली होती."

"का?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. सर तिच्याकडे वळले. "आणि तू? दुकानातल्या पावालाही न सोडणारी पोरगी तू. पेन होतं ना जवळ?"

"होतं."

"मग का नाही फिरवलं?"

घाई होती, असं सांगता आलं असतं. विसरले, असंही. पण तिने आयुष्यात कधी प्रयोगाचं कारण खोटं सांगितलं नव्हतं.

"हे म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवा. म्हणून मी ठेवला."

"का?"

"कारण माझं प्रेम आहे यांच्यावर, सर."

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि दोघांना आळीपाळीने नीट न्याहाळलं, नमुन्याच्या बाटल्या न्याहाळायचे तसं.

"हे कारण मला वर कळवता येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण पटलं. नवा रोल मागवा, पुन्हा छापा. आणि या वेळी प्रेम जरा बाजूला ठेवून पेन फिरवा."

बाहेर आल्यावर ती त्याच्याकडे वळली. आता हा काहीतरी बोलेल. त्याने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"मी… आत्याला फोन करतो. रोल मागवायला हवा."

आणि तो जिना उतरून चालता झाला! ती आ वासून बघत राहिली. पुढचे काही दिवस त्याचे फोन आले, पण सगळे फिल्मचे. रोल कधी निघाला, कुठवर आला, कधी पोचतोय. चौथ्या फोननंतर तिने उशी भिंतीवर फेकून मारली. रोल राखला तो नुसत्या शाईसाठी की काय? आपणच वेड्यासारखं भलतंसलतं बोलून बसलो का? आई दारातून डोकावली, "काय झालं गं डिंकी?" "काही नाही. फिल्म आली," ती म्हणाली.

दुसऱ्या चाचणीला सर स्वतः आले. नवा रोल आदल्याच दिवशी आला होता. तिने पेन फिरवलं. त्याने फिरवलं. सरांनी फिरवलं. रेघ प्रत्येक वेळी सपाट राहिली. "मीही फिरवते," म्हणून आत्यानेही हौस भागवून घेतली.

मशीन सुरू झालं आणि सूर्यफुलं पुन्हा उमलली. अख्खा रोल संपेपर्यंत ती मशीनपासून हलली नाही. मग ती पट्टी घेऊन वाकली. ओढली. पट्टी उजेडात धरली.

पट्टी कोरी होती.

तिने नखाने खरवडून लावली, घडी घालून लावली, सरांनी लावली. फूल जागचं हललं नाही. मशीनवरच्या एका बाईने नाकावरचं फडकं सोडलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच.

"काय गं पोरींनो, वास येतोय का?" आत्याने मोठ्याने विचारलं.

"नाही, आत्या. कसलाच नाही."

"मग आज पहिल्यांदा तुमचं नाक माझ्यासारखं झालं," आत्या म्हणाली. हसली, आणि चष्मा काढून पुसायला लागली. तो पुसून होईचना. तेव्हा ती हातातली पट्टी टाकून पुढे झाली आणि आत्याला तिने घट्ट मिठी मारली.

या सगळ्या गडबडीत तो दिसत नव्हता. ती त्याला शोधत कोठारात गेली. तो तिथे रिकाम्या नळकांड्यांची उगाचच रचारची करत होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"तुमचंही."

"त्या दिवशी… सरांसमोर तुम्ही बोललात ना…"

"मी बोलले. तुम्ही रोल मागवायला गेलात."

त्याने नळकांडं खाली ठेवलं. "मला बोलायचं होतं. शपथ. पण म्हटलं, आत्ता नको. शाई धरू दे, सगळं नीट होऊ दे. मग चांगल्या दिवशी, नीट शब्द जुळवून…"

"म्हणजे परत जपून ठेवत होतात?"

जे ऐकलं ते त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत गेलेलं तिला दिसलं, आणि मग तो असा ओशाळला की तिला त्याची दयाच आली.

"आणि आज शाई धरली नसती तर?" तिने हळूच विचारलं. "मग चांगला दिवस कधी उजाडला असता? मी त्या रंगांच्या कारखान्यात बसून वाट बघायची का?"

"नाही," तो म्हणाला. एक पाऊल पुढे आला. "शब्द जुळवलेले नाहीत. सकाळपासून जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी माझ्या नाकासमोर पट्टी धरलीस ना, तेव्हापासून. शनिवार सोडून बाकीचे दिवस मी नुसते ढकलतो. लग्न करशील माझ्याशी?"

बाहेरून बायकांच्या हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. आत छतावरच्या फटीतून उन्हाची एक तिरीप त्याच्या कपाळावर पडली होती, आणि आज तिथे शाईचा डाग लाल होता. तिने हात लांबवला आणि अंगठ्याने तो पुसला. पुसला गेला नाही. तिची शाई होती, कशी जाईल?

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एवढासा झाला. "हो… म्हणजे, बरोबर आहे. घाई नाही. तुला हवा तेवढा वेळ…"

ती दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर थांबली आणि वळली.

"झाला विचार," ती म्हणाली. "हो."